बसतंय की!

तासगावात गाडी गंजायचं खरं तर काहीच कारण नाही. समुद्र पार घाटाखाली राहिला. पावसाची वाट बघण्यात इथल्या पिढ्या गेल्या. हवेत ओलावा असलाच तर तो बेदाण्याचा भाव फुटताना शेतकऱ्याच्या डोळ्यांत. गाडी गंजल्याची तक्रार रत्नागिरीच्या माणसानं करावी, त्याला ती शोभते. तासगावकराची गाडी गंजली तर लोक आधी गाडीकडे नाही, मालकाकडे बघतात. तरीही आमच्या नानांची टाटा इस्टेट गंजली, आणि अशी गंजली की मागच्या सीटवरच्या माणसाला खड्डा आधी पायांमधून दिसायचा आणि मग कमरेला कळायचा.

ज्यांचा जन्म या गाडीनंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी वंशावळ सांगतो, पुढे ती लागणार आहे. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९८८ मध्ये टाटा मोबाइल नावाचं पिकअप काढलं. मोबाइल फोन अजून यायचे होते, त्यामुळे नावाचं कुणाला काही वाटलं नाही. त्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा आली आणि १९९२ मध्ये इस्टेट. पुण्याची पैदास, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, लांबलचक अंग आणि मागे डिकीच्या जागी तिन्ही बाजूंनी काचा असलेली एक खोलीच. दारांच्या काचा बटणावर खालीवर व्हायच्या. ते बघायला त्या काळी माणसं जमायची आणि बटण दाबून बघायचं आहे असं मोठी माणसं लहान मुलांच्या नावानं सांगायची. २००० च्या सुमारास गाडी बंद झाली. पिकअपचा वंश मात्र पुढे २०७ या नावानं वाढला आणि आमच्या तालुक्यात तर इतका वाढला की बाजार समितीच्या बाजूला डोळे मिटून दगड मारला तरी तो २०७ लाच लागावा.

नानांनी इस्टेट घेतली १९९४ मध्ये. त्या हंगामात त्यांच्या द्राक्षांना दर बरा मिळाला होता. तासगावात द्राक्षाचा पैसा आला की तो बोअर, बंगला किंवा गाडी यांतल्या एकात जातो. बोअर नानांनी आधीच मारून बघितली होती, तिच्यातून नुसता फुफाटा निघाला. बंगल्याला काकूंचा विरोध होता. बंगला झाला की पाहुणे राहायला येतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडी घेतली. पाहुणे मग गाडीतून येऊ लागले, आणि मागे खोली असल्यामुळे एका खेपेत जास्त येऊ लागले.

गंजाचं मूळ बागेत होतं. बोर्डो मिश्रण हे द्राक्षवाल्याचं नित्याचं औषध: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला हे असलं काहीतरी रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडायचे ते रोगासाठी नव्हे, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. निळी पानं बघून चोर लांबून जायचे. त्या वेलींवर डाऊनीची बुरशी येत नाही हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जगाला सांगितलं. चोर आणि बुरशी या दोघांचा एकाच औषधात बंदोबस्त करणारा हा शोध गाडीवर काय परिणाम करतो, हे बघायला मिलार्डेसाहेब तासगावात नव्हते.

मिश्रण नीट जमलंय की नाही हे बघायची आपल्याकडची रीत सोपी आहे. त्यात लोखंडी विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस थर धरला तर मोरचूद मोकळा राहिलाय, अजून चुना घाला. म्हणजे मोरचूद लोखंड खातो हे इथल्या जुन्या बागायतदारांना नव्यानं सांगायला नको. शाळेतल्या पोराला तर ते मार्कांसाठीच पाठ असतं: निळ्या द्रावणात खिळा टाका, खिळ्यावर तांबं चढतं, द्रावण हिरवट पडतं, लोखंड विरघळतं. नानांनी हाच प्रयोग अख्ख्या गाडीवर केला. मोरचुदाची पोती मागच्या खोलीतून यायची. पोत्यांना भोकं असायची, पाण्याच्या कॅनना झाकणं नसायची आणि काकूंनी सतरंजी घाला म्हटलं की नाना म्हणायचे, "खराब होईल." सतरंजी अजून चांगली आहे.

उन्हाळ्यात त्याच जागेतून गंधक जायचं. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून शेडवर त्याला गंधकाची धुरी देतात, आणि धुरीतला वायू ओलाव्याला भेटला की त्याचं आम्ल होतं. उरलेलं गंधक फाटक्या पिशवीत गाडीतच राहायचं. बेदाणा दरसाल सोन्याच्या रंगाचा झाला, गाडी विटेच्या.

पण खरा घाव घातला तो बेदाण्यानंच. कुठल्याही मोटारीच्या दारांना तळाशी बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी त्यांतून गळून जातं. आमच्या दारांतून गळत नव्हतं. गॅरेजातल्या मेस्त्रींनी मागच्या दाराचा आतला पुठ्ठा उचकटला तेव्हा तळाला ओंजळभर बेदाणे निघाले. पावसाळ्यात फुगलेले, उन्हाळ्यात सुकलेले, पुन्हा फुगलेले, आणि प्रत्येक भोकावर नेमका एक टम्म बसलेला. मुद्दाम बसवायचे म्हटले तरी इतके नीट बसले नसते. इतक्या वर्षांत कुठल्या पोरांनी ते काचेच्या फटीतून आत सोडले याची चौकशी नानांनी तिथेच, गॅरेजच्या स्टुलावर बसून सुरू केली. पहिला संशय सोलापूरच्या मेहुण्यांच्या मुलांवर गेला. ती मुलं आता बँकेत अधिकारी आहेत, पण नानांनी फोन लावलाच.

मेस्त्रींची तपासणी बघण्यासारखी होती. त्यांनी ना जॅक लावला, ना टॉर्च घेतला. हातात एक पेचकस, त्याची मूठ पुढे धरून ते गाडीभोवती फिरले आणि जागोजागी टकटक करत गेले. जिथे टणटण वाजलं तिथून पुढे सरकले. जिथे भदभद वाजलं तिथे पेचकस उलटा करून टोक लावलं, आणि टोक आत गेलं. जोर लावावा लागला नाही. मागच्या चाकावरच्या कमानीत गेलं, मागच्या झाकणाच्या खालच्या काठात गेलं, दारांखालच्या आडव्या पत्र्यात तर मुठीपर्यंत गेलं.

"ह्यात पत्रा कुठं हाय नाना? रंगानं धरून ठेवलंय सगळं."

"रंग कंपनीचा आहे," नाना म्हणाले. त्यांना ती स्तुती वाटली होती.

घरात अर्थातच भंगारात काढा असं म्हणणारा पक्ष होता. त्या पक्षाच्या हातात कागदपत्रंही होती. १९९४ ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं, त्यावर पर्यावरण कर आला, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. सरकारनं जुन्या गाड्या मोडीत निघाव्यात म्हणून ती वाढवली. नानांवर परिणाम उलटा झाला. सहाशे रुपयांची गाडी टाकून देता येते, पाच हजारांची कशी टाकणार? शिवाय फी भरायची तर गाडी आधी सांगलीला आरटीओच्या साहेबांपुढे उभी करावी लागते, आणि जिच्या फरशीतून साहेबांचे बूट दिसतील ती गाडी उभी कशी करायची? म्हणून पत्राकाम. पाच हजारांची फी वाया जाऊ नये यासाठी तिच्या कितीतरी पट खर्च करायला नाना निघाले, आणि हा व्यवहार त्यांनी घरातल्या वाणिज्य शाखेच्या दोन पदवीधरांना पटवून दिला.

आता प्रश्न पत्र्याचा. इस्टेटचं नवं मडगार्ड मिळायचे दिवस केव्हाच गेले. पण वंशावळ होती. समोरचं मडगार्ड बोल्टांवर बसतं, चार बोल्ट काढले की सुटतं, आणि त्याच घराण्यातलं २०७ चं मडगार्ड गल्लोगल्ली मिळतं. मेस्त्रींनी ते आणून गाडीला नुसतं टेकवलं, दोन पावलं मागे सरकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "बसतंय की."

हे दोन शब्द सांगली जिल्ह्यातल्या समस्त कारागिरीचा पाया आहेत. त्यांचा अर्थ बसतंय असा होत नाही. ते कसं बसवायचं हे अजून ठरलेलं नाही, पण बसवणार कोण हे ठरलं आहे, एवढाच होतो. प्रत्यक्षात मडगार्डाची भोकं गाडीच्या भोकांपासून दोन सूत पुढे होती, वरची कड बॉनेटच्या खाली जात होती आणि मागची कड दाराला घासत होती. माझी भाबडी समजूत अशी, की नवा पत्रा कापूनकुपून जुन्या गाडीच्या मापाचा करतात. डेंटिंगच्या धंद्यात उलटं असतं. नवा पत्रा पैसे देऊन आणलेला असतो, त्याला हात लावायचा नसतो. गाडी तर आधीच खराब आहे, ती कापायला काय हरकत? त्यामुळे पत्रा गाडीला बसवत नाहीत, गाडी पत्र्याला बसवतात. मेस्त्रींनी गाडीची भोकं लांबट केली, दाराची पुढची कड हातोडी आणि डॉलीनं एक सूत आत घेतली, आणि मडगार्ड बसलं. मग बॉनेट बसेना. म्हणून २०७ चं बॉनेट आलं. बॉनेटच्या बिजागऱ्या वेगळ्या निघाल्या, त्या आल्या. बॉनेट आल्यावर जाळी विजोड दिसायला लागली. जाळी बदलली तर दिवे जागेवर राहीनात, आणि एवढं झाल्यावर जुना बंपर लावणं म्हणजे मुद्दाम खोडी काढण्यासारखं दिसलं असतं. एक सून घरात आली आणि तिच्यामागून तिचं सगळं माहेर मुक्कामाला आलं, असा प्रकार. पुढून बघितलं तर आता ती गाडी इस्टेट नव्हतीच.

नानांना याचं फार वाईट वाटलं नाही, आणि याचं श्रेय मी गावाला देतो. दुसऱ्याचं तोंड आपल्या अंगाला लावण्यात तासगावला कमीपणा कधीच वाटलेला नाही. परशुरामभाऊ पटवर्धन दक्षिणेच्या मोहिमांवर गेले, तिथली गोपुरं बघून आले आणि १७७९ ते १७९९ या काळात बांधलेल्या इथल्या गणपतीच्या देवळापुढे त्यांनी सात मजली गोपूर उभं केलं. मागे मराठी देऊळ आणि पुढे द्राविडी दर्शनी भाग. आज ते गोपूर नसलेलं तासगाव कुणाला आठवत नाही, इतकं ते बसलं. द्राक्षाचंही तेच. थॉम्सन सीडलेसला नाव मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या माणसाचं. तिच्यातून आमच्या तालुक्यातल्या बोरगावात निवडलेली जात झाली तास-ए-गणेश. पाणी कमी आणि जमीन खारवट, म्हणून तिला मुळं दिली टेक्ससच्या डॉगरिजची. खाली अमेरिकन खुंट, वर गणपतीचं नाव, आणि एक्सपोर्टच्या पेटीवर रुबाबात तासगाव. अशा गावात इस्टेटला २०७ चं तोंड लावलं तर नाक मुरडणार कोण?

शुद्धतावादी मंडळी साहेबाच्या देशात. तिकडे एमजीबी गाडीच्या जुन्या साच्यांवरून १९८८ पासून अख्ख्या नव्या बॉड्या पुन्हा दाबून विकायला काढल्या. गाडी तुमची, नंबर तुमचा, बाकी सगळं नवं. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर नावाच्या तिकडच्या इस्टेटच्या मागच्या भागाला लाकडी चौकट असते. ते लाकूड नुसती शोभा नसतं, त्यावर बॉडी उभी असते, म्हणून वार्षिक तपासणीत लाकूड कुजलं म्हणून गाडी नापास होऊ शकते. मायनरचे नवे पत्रे काही वर्षं श्रीलंकेत ठोकून विलायतेला जायचे. हे मी गॅरेजमध्ये सांगितलं तेव्हा मेस्त्रींनी फक्त एवढंच विचारलं, "लाकडाची हुती तर वाळवीचं काय करत हुते?" त्यांच्या दृष्टीनं गंज परवडला. गंज निदान दुसऱ्याच्या घरात जात नाही.

मागची बाजू हे मात्र खरं काम होतं. तिथला पत्रा बोल्टांवर नसतो, तो बॉडीचाच भाग, आणि पिकअपला मागे हौदा असतो, त्यामुळे वंशावळीचा उपयोग संपला. तिथे मेस्त्रींनी २० गेजचा कोरा पत्रा घेतला. साचा कशाचा करायचा? द्राक्षाच्या एक्सपोर्ट पेटीचा पुठ्ठा. चाकाच्या कमानीवर पुठ्ठा दाबून त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली, कात्रीनं कापला, पुन्हा लावून बघितला. इस्टेटच्या मागच्या चाकावर काही काळ हिरव्यागार घडाचं चित्र आणि बर्फाच्या तपमानाची सूचना होती. जुना पत्रा कापताना ते गंजलेल्या भागापाशी थांबले नाहीत, चांगल्या पत्र्यातले चार बोटं घेऊन कापलं. नाना कळवळले. मेस्त्री म्हणाले, "सडक्याला टाका मारला तर टाका सडक्यालाच धरतोय." वैद्यकीय महाविद्यालयात हे शिकवायला वर्षं लागतात.

वेल्डिंग बघताना माझी बरीच करमणूक झाली आणि थोडं शिक्षणही. माझी कल्पना, एका टोकाला सुरुवात करून शिवणीसारखं दुसऱ्या टोकाला जायचं. तसं केलं तर पत्रा तापून पापडासारखा वेडावाकडा होतो. मेस्त्रींनी एक टाका पुढे मारला, मग एकदम मागे, मग मधे, मग वर. प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं. चर्र. मग बिडी. बिडी ही आळसाची नसते, पत्रा निवण्याची असते, असं त्यांनी मला बजावलं. काही ठिकाणी पत्रा फुगून डबडब करायला लागला तर तो भाग लाल करून ओल्या फडक्यानं एकदम गार केला. पत्रा आकसला आणि गप्प बसला. घरातल्या एकदोघांवर हा उपाय करावा असं मनात येऊन गेलं.

दारांखालचा आडवा पत्रा कापण्याआधी त्यांनी गाडीच्या पोटात आडवे अँगल मारले आणि चारी दारं लावूनच ठेवली. का, तर तो पत्रा निघाला की गाडी मधे वाकते. तशीच नवा पत्रा जोडून टाकली तर जन्मभर दार लागत नाही. जिल्ह्यात अशा गाड्या फिरतात. त्यांचं दार उघडताना वर उचलावं लागतं, बंद करताना कमरेचा धक्का द्यावा लागतो, आणि मालक कौतुकानं सांगतो की हे फक्त मला जमतं. मी तर म्हणेन, रंगापेक्षा दारांच्या फटी बघाव्यात. वरपासून खालपर्यंत फट सारखी असेल तर मेस्त्री खरा. रंग काय, कुणीही मारतं.

पत्राकाम चालू असताना गॅरेजबाहेर विद्वत्सभा भरायची. एसटीतून निवृत्त झालेले एक काका रोज यायचे. त्यांच्या मते दापोडीच्या कार्यशाळेत एका बाजूनं जुनी चॅसी आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं नवी बॉडी चढवून बाहेर पडते, त्यात एवढं काय? पूर्वी वडाप चालवणारे एक जण होते. वडापच्या जीपला मागे पत्रा वाढवून आणि फळकुटं टाकून किती माणसं बसतात याचं गणित ते बोटांवर न मोजता सांगायचे, आणि इस्टेटच्या मागच्या खोलीकडे बघून त्यांचे डोळे भरून यायचे. तिसरा विषय हटकून देवराष्ट्र्याचा निघायचा. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, साठेक हजारांत, पायानं किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी ती बघितली. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही त्यांनी लिहिलं, पण बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये गाडी रस्त्यावर न आणता कुणीतरी मोठ्या माणसाच्या नजरेत कशी आणावी यावर चर्चा होते. नानांना विचारण्यात आलं, समजा कुणी इस्टेट घेऊन नवी गाडी देतो म्हणालं तर? नाना म्हणाले, "तिच्या मागं पोती बसतील का?"

काम कधी होईल, याचं उत्तर मेस्त्रींकडे तारखेत नव्हतं. गाडी आत गेली खरड छाटणीच्या वेळी. "रथाच्या आधी घ्या," असं ते म्हणाले होते. भाद्रपदातल्या पंचमीला तासगावच्या गणपतीचा तीन मजली रथ निघतो. दोर धरून माणसं तो ओढतात, गावात पाय ठेवायला जागा नसते. रथाच्या दिवशी इस्टेट गॅरेजबाहेर आली हे खरं, पण तिला इंजिन जोडलेलं नव्हतं. आत पाहुण्यांच्या मोटारसायकली लावायच्या होत्या म्हणून पोरांनी ती ढकलत बाहेर काढली. त्या दिवशी गावाचा हात ओढण्यात बसलेलाच होता, एका दमात निघाली. मग फळछाटणी आली, डिपिंग आलं, आणि या काळात मेस्त्री स्वतःच आपल्या बागेत गेले. इथला डेंटर आधी बागायतदार असतो, हे बाहेरगावच्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

नंतर आले पेंटर, हातात लांबीचा डबा घेऊन. लांबी हा डेंटर आणि पेंटर यांच्यातला जुना तंटा आहे. डेंटर म्हणतो, मी पत्रा काचेसारखा काढलाय, पेंटर लांबी उगाच थापतो. पेंटर म्हणतो, ह्यानं जे सोडलं ते मी बुजवतो. दोघंही खरं बोलतात. नाना मात्र जागरूक झाले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पत्र्याला चुंबक चिकटतं आणि लांबीला चिकटत नाही. त्यांनी घरच्या फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक खिशात घालून आणलं आणि गाडीवर फिरवायला सुरुवात केली. मागच्या कमानीवर आंबा टप्पकन चिकटला. मेस्त्री छाती काढून उभे राहिले. पुढच्या बॉनेटवर चिकटला. मग जुन्या, कधी हातही न लावलेल्या डाव्या मधल्या खांबावर आंबा घसरून खाली पडला. याचा अर्थ तिथे कधीतरी, कुणीतरी, आधीच लांबी भरून ठेवली होती. गाडी सुरुवातीपासून फक्त नानांच्या हातात. काकू चहाचे कप गोळा करायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजींनी एकदा नेली होती नाही का लग्नाला?" भाऊजी म्हणजे माझे वडील. त्यानंतर त्या खांबाचा विषय घरात निघालेला नाही.

रंग पांढराच ठेवला. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, आणि नानांना साहेबांपुढे शक्यतो कमीत कमी वाक्यं बोलायची होती. पण पांढऱ्याचेही प्रकार असतात, हे संध्याकाळी कळलं नाही, सकाळी उन्हात कळलं. पुढचा पांढरा निळसर आहे, मागचा पिवळसर, आणि मधल्या दारांवर त्यांचा समेट झालेला आहे. पेंटर म्हणाले, दोन उन्हाळे जाऊ द्या, सगळा एकच होईल. तासगावचा उन्हाळा बघता एकसुद्धा पुरावा.

सांगलीला गाडी पास झाली. साहेबांनी चॅसीचा नंबर बघितला, दिवे लावून बघितले, मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि विचारलं, "ही नक्की कोणती गाडी?" नानांनी आरसी बुक पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा वाचलं आणि सही केली. सरकार शेवटी कागदावरच चालतं, आणि कागदावर एक सूतही फरक पडलेला नव्हता.

आता अडचण एकच आहे. ती समोरून येते. हंगामात मिरज रोडला पहाटे पोलीस हात करतात आणि मालाची पावती मागतात. टपरीवरची पोरं गाडी लागली की "खाली करायचंय का भरायचंय?" म्हणून धावत येतात, आणि मागे काकू नऊवारीत बसलेल्या बघून थबकतात. परवा नाना बाजार समितीपाशी उभे होते. एक व्यापारी घाईत आला, तोंड बघितलं, बंपरवर हात ठेवला आणि म्हणाला, "मालक, चाळीस बॉक्स हायत. सांगली कोल्ड स्टोरेज. काय घेणार?"

नानांचा चेहरा लाल झाला. ही इस्टेट आहे, १९९४ ची, बटणावर काचा होत्या हिला, वगैरे सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. त्यांनी व्यापाऱ्याकडे बघितलं, मागच्या खोलीकडे बघितलं, आणि विचारलं, "डिझेल तुमचं का आमचं?"